डेक्कन एअरवेज आणि वैमानिकांपुढील पेच

धनी बदलावा की आहे त्याच धन्यापाशी टिकून राहावे, हा प्रश्न चाकरमान्याच्या आयुष्यात एकदा तरी उभा राहतोच. परंतु एका संपूर्ण व्यवसायातील माणसांपुढे तो एकाच वेळी उभा राहावा आणि पुढे सात वर्षांतच निवडीची संधीच नाहीशी व्हावी, असा प्रसंग विरळा. हिंदुस्थानातील वैमानिकांवर १९४६ ते १९५३ या काळात तो आला. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर जन्मलेली ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी त्या काळाची एक बोलकी साक्षीदार आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. पुढे काही वर्षांतच या मार्गावर हैदराबादची भर पडली. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ येथे हवाई दलाचे प्राथमिक प्रशिक्षण केंद्र चालत असे. अशा रीतीने निजामाच्या राजधानीस विमानविद्येचा परिचय आधीपासूनच होता.

युद्ध संपले आणि दोन गोष्टी एकदम स्वस्त झाल्या: विमाने आणि वैमानिक. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली डकोटा विमाने अल्प किंमतीत मिळू लागली. त्याचबरोबर हवाई दलातून मुक्त झालेले, शेकडो तास उड्डाण केलेले तरुण काम शोधू लागले. भांडवलदारांना वाटले की विमानवाहतूक म्हणजे सोन्याची खाण. कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली डेक्कन एअरवेजची स्थापना झाली व पुढील वर्षी तिची विमाने उडू लागली. मद्रास, बंगलोर, नागपूर व दिल्ली ही शहरे तिने हैदराबादशी जोडली.

अशा वेळी वैमानिकाने काय निवडावे? वेतनाचा आकडा हा एकच हिशेब नव्हता. डकोटाच्या उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून किती वर्षे बसावे लागेल आणि डाव्या आसनावरील कप्तानपद केव्हा मिळेल, हा खरा प्रश्न होता. मोठ्या कंपनीत स्थैर्य होते, पण ज्येष्ठांची रांगही लांब. छोट्या कंपनीत बढती लवकर, पण कंपनीच बुडाली तर बढती कोणत्या कामाची? जुपिटर आणि अंबिका या कंपन्या १९५० पूर्वीच बंद पडल्या. उलट ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा परदेशी मार्गांचे एक नवे आकर्षणही उभे राहिले.

अनेक धनी असण्याचा लाभ कोणता, हे प्रेम माथुर यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते. अलाहाबाद फ्लाइंग क्लबात शिकून व्यावसायिक परवाना मिळविणाऱ्या या पहिल्या भारतीय महिलेस आठ कंपन्यांनी नकार दिला. डेक्कन एअरवेजने मात्र १९४७ साली त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. १९४९ साली त्यांनी राष्ट्रीय विमानशर्यत जिंकली. तथापि डेक्कनमध्ये कप्तानपद मिळेना, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. घनश्यामदास बिर्लांचे विमान त्या काही काळ चालवीत होत्या. देशात एकच कंपनी असती, तर पहिला नकार हाच शेवटचा ठरला असता.

परंतु स्पर्धेची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. प्रवासी थोडे, कंपन्या फार. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतत. तरीही कंपन्यांचा तोटा भरून निघेना. १९५० साली सरकारने न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढे वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्षपद भूषविणारे हेच गृहस्थ. एवढ्या कंपन्यांस पुरेल इतका धंदा देशात नाही, त्यांचे एकत्रीकरण व्हावे. मात्र तत्काळ राष्ट्रीयीकरण नको, असा समितीचा कल होता.

सरकारने अखेर दुसरा मार्ग पत्करला. जगजीवनराम दळणवळणमंत्री असताना १९५३ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट रोजी डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाल्या. ९९ विमाने एका छत्राखाली आली. त्यांत ७४ डकोटाच होत्या. आठ ठिकाणची माणसे, आठ ठिकाणच्या रीती एका चौकटीत बसवावयाच्या होत्या. वैमानिकास बुडण्याची भीती उरली नाही. पण धन्याशी न पटल्यास शेजारचे दार ठोठावण्याची सोयही संपली. प्रेम माथुरही त्याच वर्षी या नव्या संस्थेत दाखल झाल्या.

चार दशकांनी, १९९४ मध्ये, तो कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांचे युग पुन्हा आले. वैमानिक पळविण्याची स्पर्धाही आली; इतकी की २०१७ साली कप्तानांस नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची सूचना देण्याचे बंधन सरकारने घातले. २००८ साली प्रवासी वाहतूक शमशाबादला गेली आणि बेगमपेठेतली वर्दळ ओसरली.

इतिहासाचा कौल कोणत्या बाजूने? निवड होती तेव्हा शाश्वती नव्हती, आणि शाश्वती आली तेव्हा निवड गेली. म्हणून वैमानिकाच्या हाती खरोखर स्वतःचे असे एकच धन राहिले: त्याच्या नोंदवहीतील उड्डाणाचे तास. डेक्कन एअरवेजचे नाव विमानांवरून पुसले गेले. हैदराबादेत जोडलेले ते तास मात्र प्रत्येकाने नव्या चाकरीत आपल्याबरोबरच नेले. कोणत्याही व्यवसायातील तरुणाने नोकरी बदलताना ध्यानी ठेवावे असे या कथेतील सार हेच आहे.