रायफलीचा चाप : जुना आणि नवा

रायफलीची थोरवी सांगतांना लोक तिच्या नळीचें कौतुक करतात. परंतु गोळी केव्हां सुटावी, हें चापाजवळच्या पोलादाच्या एका बारीक कडेवर ठरतें. बोल्ट बंद केला म्हणजे काडतुसावर आघात करणारी सळई ताणलेल्या स्प्रिंगसह मागें अडकून राहते. तिला धरून ठेवणारा खटका म्हणजे ‘सिअर’. चाप ओढला कीं खटका निसटतो व सळई पुढें झेपावते. या खटक्याची पकड किती खोल असावी, हाच जुन्या व नव्या रचनांमधील मुख्य भेद आहे.

जर्मन सैन्यानें १८९८ सालीं स्वीकारलेल्या मौझर रायफलींत ही पकड चांगली खोल होती. चापाला दोन उंचवटे असत. पहिल्यामुळें खटका बराचसा खालीं सरके. ही ओढ लांब व हलकी असे. मग बोटाला स्पष्ट अडथळा लागे, आणि दुसऱ्या, जड ओढीनें बार उडे. भाग मोजके व भक्कम असल्यामुळें चिखलांत आणि घाईंतही ही रचना दगा देत नसे. शिकाऱ्यांनींही ती आपलीशी केली. पण सूक्ष्म नेम धरणाऱ्यांना ती लांब ओढ खुपूं लागली.

अमेरिकेंत १९३६ सालीं विंचेस्टरच्या मॉडेल ७० नें एकाच टप्प्याची आखूड ओढ दिली. यंत्र मात्र उघडें व साधें ठेवलें. १९४८ सालीं रेमिंग्टनच्या ७२१ व ७२२ या रायफली आल्या. त्यांतील माइक वॉकर यांचा चाप बंद पेटींत बसविलेला होता. १९६२ च्या मॉडेल ७०० मध्येंही तोच आला. वाळकी काडी मोडावी तशी त्याची ओढ होती. मात्र चाप व खटका यांच्यामध्यें एक सुटा तुकडा असे. तो दर बाराला चापापासून दूर होई व पुन्हा जागेवर येई. मळ किंवा घट्ट झालेलें तेल आड आल्यास तो पुरता परतत नाहीं व चापाला हात न लावतां बार उडूं शकतो, असा आक्षेप घेतला गेला. कंपनीनें तो नाकारला; खटले मात्र वर्षानुवर्षें चालले. त्यांत १९८२ पर्यंत या रायफलींत सुरक्षा-कळ सोडल्यावांचून बोल्ट उघडत नसे. म्हणजे रायफल रिकामी करण्याची वेळ हीच धोक्याची. २००६ सालीं आलेला या कंपनीचा नवा चापही, जुळणींत चिकट द्रव्य अधिक लागल्यामुळें, २०१४ सालीं परत मागवावा लागला.

२००३ च्या सुमारास सॅव्हेज कंपनीनें वेगळी वाट काढली. चापाच्या मधोमध एक पातें बसविलें. तें बोटानें दाबलें नसेल, तर धक्क्यानें सुटलेला खटकाही वाटेंत अडतो. त्यामुळें ओढ हलकी ठेवूनही पहारा कायम राहिला.

मौझरनें सारा भरवसा खोल पकडीवर टाकला होता. ती पकड उथळ केली कीं दुसरा पहारेकरी नेमावाच लागतो. तरीही मळ साफ करणें आणि नळी निर्धोक दिशेला ठेवणें, हीं दोन कामें कोणताही चाप शिकाऱ्याऐवजीं करूं शकत नाहीं.