इंधन ट्यूनिंग

पेट्रोल इंजिनाला कोणत्या क्षणी किती इंधन द्यायचे, याचा ईसीयूमधला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातला) तक्ता इंजिनाच्या प्रत्यक्ष गरजेशी जुळवण्याचे काम. कार्ब्युरेटरच्या काळात ते जेट बदलून आणि मिक्श्चर स्क्रू फिरवून होई. प्लग काजळला की पांढरा पडला, हे पाहून मेकॅनिक अंदाज बांधी. 2000 च्या सुमारास मारुती 800 मध्ये एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) आले आणि आपल्याकडेही स्क्रूची जागा आकड्यांनी घेतली.

तक्त्याच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला दाब; प्रत्येक चौकोनात, त्या स्थितीत सिलिंडर किती टक्के हवेने भरतो तो आकडा. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरते. 6000 आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचे अख्खे चक्र 20 मिलिसेकंदांत आटोपते, म्हणजे इंजेक्टरला सवड बेताचीच. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा 1 म्हणतात. पूर्ण ताकदीसाठी मिश्रण लॅम्डा 0.85 ते 0.9 पर्यंत रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, ठेवतात. जोर पडत असताना ते लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, राहिले, तर नॉकिंग होऊन पिस्टनही वितळू शकतो.

शिकाऊ माणूस बहुधा फसतो तो लॅम्डा सेन्सरपाशी. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन ताडतो. एखादा सिलिंडर न पेटता मिस मारत असला तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर लीन दाखवतो. शिकाऊ पेट्रोल वाढवतो. प्लग ओला होतो, मिसिंग वाढते, सेन्सर पुन्हा लीनच. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला बारीक चीर असली तरी हाच घोळ. म्हणून आधी प्लग, गळती आणि इंधनाचा दाब पाहायचा. लॅपटॉप त्यानंतर उघडायचा. साधा नॅरोबँड सेन्सर लॅम्डा 1 च्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगतो, त्यामुळे नेमका आकडा सांगणाऱ्या वाइडबँडवरचा खर्च टाळू नये.

हौशी मंडळींची शाळा म्हणजे मेगास्क्वर्ट. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी 2001 मध्ये आणलेला हा कंट्रोलर घरी सोल्डर करून जोडता येई. तक्ता आपोआप सुधारणारी सॉफ्टवेअरही आहेत. मात्र चौकोन चुकला की सेन्सर, हे त्यांना कळत नाही.

रस्त्यावरच्या गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते.