नेगेटिव्हवरचे ओरखडे

अरब जगाची छायाचित्रे म्हटली की उंट, खजुरी आणि बुरख्यातली बाई डोळ्यांपुढे येते. ही प्रतिमा अरबांनी स्वतःची स्वतः घडविलेली नाही. १८६७ साली फेलिक्स बोंफिस या फ्रेंच गृहस्थाने बैरूतमध्ये स्टुडिओ थाटला आणि युरोपी प्रवाशांना विकण्यासाठी तिथल्या माणसांचे 'नमुने' कागदावर उतरवले. नमुन्याला नाव लागत नाही. ते नाव कोणी विचारलेही नाही.

पुढचा टप्पा याहून उघडा आहे. १९६० साली अल्जीरियात फ्रेंच लष्कराने खेडुतांना ओळखपत्रे सक्तीची केली. मार्क गारांजे या सक्तीच्या लष्करी सेवेतल्या तरुणाने सुमारे दोन हजार माणसांची छायाचित्रे काढली. त्यांत बहुतेक बायका होत्या. अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांना चेहऱ्यावरचा पदर काढायला लावले. गारांजे स्वतः युद्धाच्या विरोधात होता, आणि १९८२ साली ही चित्रे पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाने त्या बायकांच्या नजरेतला धिक्कार पाहिला. पण छायाचित्रकार भला होता म्हणून हुकूम कमी जुलमी ठरतो काय?

याच काळात दक्षिण लेबनॉनमधील सैदा गावी हाशेम अल-मदनी (१९२८-२०१७) हा गृहस्थ घरच्या खोलीतून धंदा सुरू करून १९५३ साली शहरजाद सिनेमाच्या इमारतीत आपला स्टुडिओ चालवू लागला. मला या माणसाचे काम मोलाचे वाटते ते याच कारणासाठी, की इथे गिऱ्हाईक आपल्या पायांनी येई आणि कसे दिसायचे ते स्वतः ठरवी. कोणी ट्रान्झिस्टर कानाशी धरी, कोणी कोडॅकच्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईच्या खांद्यावर हात टाकी. सिनेमातले चुंबन करून पाहायची हौस असे. पण स्त्री-पुरुषांना ते चारचौघांत शक्य नव्हते, म्हणून दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी ते वठवीत. १९६७ नंतर पॅलेस्टिनी फिदायीन बंदूक घेऊन येऊ लागले. गरीब माणसाला आपण कोण व्हावेसे वाटत होते, याचा असा पुरावा कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

मात्र या मोकळ्या जागेलाही दार होते, आणि त्याची किल्ली पुरुषाकडे होती. १९५७ च्या सुमारास एक विवाहिता नवऱ्याला न विचारता फोटो काढून गेली. नवरा संतापून आला, नेगेटिव्ह मागू लागला. मदनीने रोल दिला नाही, कारण त्याच पट्टीवर इतर गिऱ्हाइकेही होती. शेवटी नवऱ्यासमोरच त्याने टाचणीने तिच्या नेगेटिव्हवर ओरखडे ओढले. पुढे त्या बाईने जाळून घेतले. काही वर्षांनी तोच नवरा स्टुडिओत परत आला : तिचे आणखी काही फोटो असतील तर मोठे करून द्या म्हणाला.

बैरूतमध्ये १९९७ साली अरब इमेज फाउंडेशन स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी अक्रम झातारी हा सैदाचाच. त्याने मदनीचा संग्रह उजेडात आणला, ती ओरखडलेली चित्रेही जगापुढे ठेवली. हे काम व्हायलाच हवे होते, असे माझे मत आहे. तरी प्रदर्शनाच्या भिंतीवरच्या त्या चित्रापुढे एक गोष्ट मनातून जात नाही. ती स्टुडिओत आपल्या मर्जीने आली होती. नंतर तिच्या चेहऱ्याचे काय करायचे हे आधी नवऱ्याने, मग छायाचित्रकाराने आणि आता आपण पाहणाऱ्यांनी ठरवले आहे.