ओक पार्कचा धडा

बँकेत गृहकर्जाची फाइल आली की मी आधी पगार बघायचो. अमेरिकेत 1930च्या दशकात मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवत. तिथे कर्ज मिळणं मुश्कील. पुढे कृष्णवर्णीय कुटुंब शेजारी आलं की दलाल गोऱ्यांना ‘भाव पडणार’ अशी भीती घालत आणि स्वस्तात घेतलेली घरं चढ्या दराने विकत.

शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कने 1968 मध्ये घरव्यवहारातल्या भेदभावाला बंदी घातली. 1972 साली निघालेलं गृहनिर्माण केंद्र भाडेकरूंना मिश्र वस्तीत घरं सुचवू लागलं. भाव पडल्यास घरमालकाला नुकसानीच्या 80 टक्क्यांपर्यंत भरपाईची योजनाही आली. तरी काम संपत नाही. भाडेकरू बदलतच राहतात.

आपल्याकडेही फ्लॅट भाड्याने देताना ‘लोक कोण आहेत?’ हेच आधी विचारतात. सभासदांनी यावर जरूर बोलावं.