पोटाला घातलं, गाव विचारलं नाही

कमठाण्याच्या बसथांब्याजवळ एक कडुनिंब होता. ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गावात गेलं, त्यांना त्या झाडाखालची बाई नक्की आठवत असेल. अंगावर एकावर एक तीन-चार लुगडी, केसांच्या जटा, जवळ एक जर्मनचा डबा. ती कधी आली, कुठल्या गाडीतून उतरली, कुणालाच सांगता येत नव्हतं. दिवसभर एकच शब्द पुटपुटायची, "पेद्दावागु, पेद्दावागु." आम्ही पोरांनी तिचं नाव 'वागूबाई' ठेवलं. खडे मारायचो, हेही सांगून टाकतो. आता लपवून काय करायचं?

आमची आज्जी रोज दुपारी तिला जेवण पाठवायची. ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी, वर कांदा. सणाला पोळी. नेऊन द्यायचं काम माझं. मी कुरकुर केली की आज्जी एवढंच म्हणायची, "जा रे बाबा. आपल्या माणसालाबी कोन तरी घालत आसंल की."

आपलं माणूस म्हणजे आमचे धाकटे आजोबा, आज्जीचे भावजी. माझ्या जन्माआधीच ते घरातून निघून गेले होते. रात्र रात्र जागायचे, विहिरीतून कोणी हाका मारतंय म्हणायचे. घरच्यांनी त्यांना गाणगापूरला नेऊन आणलं, दोनदा. तिसऱ्यांदा न्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या रात्री ते गेले. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत अर्धा चेहरा.

आपल्या भागात उपाशी माणसाला हाकलून देण्याची रीत नाही, आणि तिची मुळं जुनी आहेत. बाराव्या शतकात बसवण्णांनी कल्याणात कायक आणि दासोह या दोन गोष्टी जोडीनं सांगितल्या. आधी राबा, मग राबून मिळालेलं वाटून खा. कलबुर्गीला शरणबसवेश्वरांचा दासोह, हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंचं अन्नदान, बिदरला नानक झिऱ्याचा लंगर. गाणगापुरात तर मागून खाणं हीच उपासना आहे. दत्तमहाराज दुपारी भिक्षेला येतात, या श्रद्धेनं भले शिकलेले, बागायतदार लोकही तिथं पाच घरी मधुकरी मागतात. आणि त्याच गाणगापुरात दुपारच्या महाआरतीला 'बाधा' झालेली माणसं खांबावर चढतात, किंचाळतात. लहानपणी मी ते पाहिलंय, आणि घाबरून अण्णांच्या धोतराला धरलं होतं. ज्याला आपण बाधा म्हणत होतो, त्यातल्या कितींना औषधानं उतार पडला असता, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कुणाच्या मनात आला नाही. दवाखाना म्हणजे एर्रागड्डा, आणि एर्रागड्डा ही आमच्याकडे शिवी होती. पुण्याकडच्या लोकांना येरवडा, तसा आम्हाला हैदराबादचा एर्रागड्डा.

सरकारनं काय केलं, तेही थोडं सांगतो. इंग्रजी मुलखात १९१२ च्या कायद्यानं भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. पुढं भीक मागणं हाच गुन्हा झाला. मुंबई राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा, आपल्या कर्नाटकात १९७५ चा. बिदर शहरात ज्यांचं घर आहे त्यांनी घरपट्टीची पावती नीट बघावी, शंभराला तीन रुपये भिक्षुक उपकर त्यात असतो. त्या पैशानं निराश्रितांची केंद्रं चालतात. ऑगस्ट २०१० मध्ये बंगळूरच्या मागडी रोडवरच्या अशा केंद्रात थोड्या दिवसांत एकामागून एक माणसं दगावली, तेव्हा कुठं राज्याला कळलं की रस्त्यावरून उचलणं आणि सांभाळणं यात फरक आहे. त्याआधी १९९३ मध्ये शीला बारसे यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. म्हणजे तोवर ठेवत होते!

या सगळ्यात खरा वेगळा रस्ता काढला तो मुंबईच्या एका नवरा-बायकोनं. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ. एकदा हॉटेलात बसलेले असताना त्यांना समोर एक हडकुळा तरुण दिसला. नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी काढून पीत होता. दोघांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं, आंघोळ घातली, उपचार सुरू केले. तो बरा होऊन बोलायला लागला, तेव्हा कळलं की मुलगा पदवीधर आहे, घर आंध्रात आहे, वडील जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. वडिलांना कळवलं, ते आले आणि पोराला घेऊन गेले. यातूनच १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभी राहिली. पुढं दहिसरला छोटी जागा झाली. तिच्यासाठी चित्रकारांनी आपली चित्रं विकायला दिली होती, कारण रस्त्यावरून उचललेल्यांत जे. जे. कला महाविद्यालयात शिकवलेला एक माणूस निघाला होता. मग २००६ मध्ये कर्जतजवळ मोठं केंद्र झालं, त्यामागं बाबा आमट्यांचा आग्रह होता. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून जास्त माणसं आपापल्या घरी पोचली होती.

त्यांची पद्धत साधी आहे. आणलेल्या माणसाला आंघोळ, केस कापणं, जखमा धुणं, पोटभर अन्न, आणि स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरची ठरलेली औषधं. काही आठवड्यांत डोक्यातलं धुकं विरायला लागतं. मग एक दिवस माणूस नाव सांगतो. नंतर बापाचं नाव, गावाचं, गावाजवळच्या स्टेशनचं. त्याची भाषा कळणारा कार्यकर्ता शेजारी बसून हे धागे जोडतो, आणि शेवटी त्याला रेल्वेनं घेऊन थेट दारापर्यंत जातो. सोबत औषधं देतात, आजार काय आहे ते घरच्यांना समजावतात. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड वाटतं. माणूस उतरतो तेव्हा गाव गोळा होतं, पण ज्या घरानं त्याचं बारावं घालून टाकलंय त्या घरात त्याच्यासाठी अंथरूण घालायचं असतं.

नगरचं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे जोडपं आपल्याला आणखी जवळचं वाटेल. त्यांनीही सुरुवात आपल्या आज्जीसारखीच केली, रस्त्यावरच्या माणसांना डबे पोचवून. डब्यानं भूक भागते पण रात्र उघड्यावरच जाते, आणि बाईमाणसाची रात्र कशी जाते ते सांगायला नको. म्हणून त्यांनी शिंगवे नाईकला 'माउली' हे रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी घर काढलं. तिथं आलेल्या कित्येक जणी गरोदर होत्या किंवा कडेवर लेकरू होतं.

आता परत कडुनिंबाखाली.

वागूबाई एका पावसाळ्यात वारली. गावानंच वर्गणी काढून सगळं केलं. पुढं मी नोकरीला हैदराबादला गेलो. एकदा डबा खाताना आम्ही गावाकडच्या गोष्टी सांगत होतो, तेव्हा मी तिची नक्कल केली. वरंगलकडचा सहकारी हसला नाही. म्हणाला, "पेद्दावागु म्हणजे मोठा ओढा. आमच्याकडे त्या नावाचे ओढे गावोगाव आहेत. ती बहुतेक आपलं घर कुठं आहे ते सांगत असेल."

माझा घास तोंडातच राहिला. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना तेलुगू कळायचं हो! झहीराबादच्या बाजाराला जाणारे, बिदरला आडतीवर बसणारे, सगळे तेलुगू बोलायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, उदगीर-निलंगा तिकडं, झहीराबाद-नारायणखेड तिकडं, आपण इकडं. कागद वाटले गेले, पण जिभा तिन्ही राहिल्या. इतकी वर्षं भाकरी नेऊन देणाऱ्यांपैकी एकानंही तिच्याशेजारी बसून "ये ऊरु?" एवढं विचारलं नाही. ती रोज सांगत होती, आणि आम्ही त्या सांगण्यालाच तिचं नाव करून टाकलं.

आता २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्याच्या शंभराव्या कलमानं असा माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षण द्यायचं, लॉकअपमध्ये न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मी अण्णांना विचारलं, "धाकट्या आजोबांची नोंद केली होती का कुठं?"

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काय लिहून द्यायचं? नाव, वय, आन् डोक्यानं कसा ते? घरात तीन पोरी लग्नाच्या होत्या."

म्हणजे कुठल्या तरी गावच्या थांब्यावर कुणी आमच्या आजोबांना त्यांच्या भाषेत विचारलं असतं आणि त्यांनी 'कमठाणा' म्हटलं असतं, तरी पोलिसांच्या वहीत त्यांना शोधणारं कुणी नव्हतंच.

आज्जीला मी वागूबाईच्या शब्दाचा अर्थ सांगितला होता. तिला तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं, दोनदा सांगावं लागलं. ती म्हणाली, "वढा व्हय?" आणि मग, "भावजींला पवता येत हुतं."