न दिसलेल्या पटलाची जाडी

तांबड्या रक्तपेशीभोवती पातळ पटल असते, हे सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले असावे असे आपण सहज धरून चालतो. इतिहासाचा क्रम उलटा आहे. ते पटल कोणाच्याही दृष्टीस पडण्याआधी त्याची जाडी विजेने मोजली गेली होती.

१९१० च्या सुमारास जर्मनीतील कील येथे रूडोल्फ ह्योबर हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रक्तपेशींमधून विद्युतप्रवाह सोडून पाहत होते. प्रवाहाची दिशा सावकाश बदलत असली, तर पेशी त्याला अडवत. तीच दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलू लागली, की पेशी वाट देत. याचा अर्थ, पेशीच्या आत क्षारयुक्त, सुवाहक द्रव होता आणि अडवणूक होत होती ती भोवतीच्या दुर्वाहक आवरणामुळे. याच ह्योबरना १९३३ मध्ये नात्झी राजवटीने पदावरून काढले. पुढची वर्षे त्यांनी फिलाडेल्फियात काढली.

पुढचे पाऊल ह्यूगो फ्रिके या डॅनिश वंशाच्या भौतिकीतज्ज्ञाचे, अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये. दोन वाहकांमध्ये दुर्वाहक थर असला, की तेथे विद्युतभार साठतो आणि थर जितका पातळ तितका साठा मोठा. फ्रिकेने रक्तातील हा साठा, म्हणजे धारिता, मोजली : पटलाच्या दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड. पटल तेलासारख्या पदार्थाचे आहे असे मानून त्याने गणित केले आणि १९२५ मध्ये जाडी सांगितली : ३.३ नॅनोमीटर. त्या ‘असे मानून’वर सारे उत्तर उभे होते, आणि तरीही ते पटलाच्या स्निग्ध गाभ्याच्या आज मान्य असलेल्या जाडीच्या फार जवळ आहे. त्याच वर्षी लायडनमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी पेशींतील स्निग्ध पदार्थ पाण्यावर पसरून पटल दुपदरी असल्याचे अनुमान काढले. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. त्यांनी एकमेकींना खोडून काढले! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटल स्पष्ट दिसायला १९५० चे दशक उजाडावे लागले.

मूळचा संस्कृत ‘पटल’ हा शब्द डोळ्यावर येणाऱ्या आवरणासाठीही वापरला जातो. इथे तो शब्द फार चपखल बसला आहे, असे मला भाषांतर करताना नेहमी वाटते.

वैद्यकाने मात्र यातली अडवणूक तेवढी उचलली. वॉलेस कूल्टरच्या यंत्रात (अमेरिकी पेटंट १९५३) क्षारजलात मिसळलेले रक्त एका बारीक छिद्रातून खेचले जाते. दुर्वाहक पेशी छिद्रातून जाताना तेवढे क्षारजल बाजूला सारते, रोध क्षणभर वाढतो. त्या ठोक्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या, ठोक्याची उंची म्हणजे पेशीचे आकारमान. एरवी डोळे ताणून, चौकटी आखलेल्या काचेवर काही शे पेशी मोजाव्या लागत. आता सेकंदाला हजारो मोजल्या जाऊ लागल्या. आज गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणाऱ्या ‘सीबीसी’मागे बहुधा हेच तत्त्व असते.

पण छिद्राला कळते फक्त आकारमान. लोहाच्या कमतरतेने किंवा थॅलॅसेमियाने खुरटलेली तांबडी पेशी त्याला प्लेटलेटसारखी वाटू शकते आणि प्लेटलेटचा आकडा फुगतो. उलट, नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या, तर त्यांचा गठ्ठा प्लेटलेट म्हणून मोजलाच जात नाही. डेंग्यूच्या दिवसांत त्या घसरलेल्या आकड्याने घर हादरते. अशा वेळी जाणता पॅथॉलॉजिस्ट रक्ताचा थेंब काचेवर पसरतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो.