प्रवरपूरचे ताम्रपट आणि ‘हिंदू’ व ‘बौद्ध’ धर्मांच्या उगमाचा प्रश्न

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात वसविलेली प्रवरपूर ही राजधानी ती हीच, असे मत म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. विनोबा भावे यांच्या आश्रमाच्या परिसरात मिळालेली शिल्पे आणि नागपूर विद्यापीठाने १९६७ साली केलेले उत्खनन यांमुळे या स्थानाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे काही संशोधकांनी रामटेकजवळील मनसरचा पक्ष मांडला. स्थाननिश्चितीचा हा वाद बाजूस ठेवला, तरी प्रवरपुराहून दिलेल्या ताम्रपटांची भाषा एका व्यापक प्रश्नावर प्रकाश टाकते. हिंदू धर्म आणि बौद्ध धर्म यांत आधीचा कोणता, आणि एकातून दुसरा निघाला काय, हा तो प्रश्न होय.

प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षातील चम्मक ताम्रपटात एक सहस्र ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद आहे. त्यातील वंशावळीत पहिल्या प्रवरसेनाने केलेल्या चार अश्वमेधांचा गौरव आढळतो. पहिला रुद्रसेन महाभैरवाचा भक्त आहे, दुसऱ्या रुद्रसेनाचे वैभव चक्रपाणीच्या प्रसादाचे आहे, आणि स्वतः दुसरा प्रवरसेन ‘परममाहेश्वर’ म्हणविला जातो. ‘हिंदू’ ही संज्ञा मात्र कोठेही नाही. वैदिक यज्ञ आणि पौराणिक भक्ती हे भिन्न काळांतील दोन थर एकाच राजकुलाच्या परंपरेत एकत्र नांदत आहेत. पहिला थर बुद्धाच्या पूर्वीचा आहे. दुसरा बुद्धानंतरच्या शतकांत पूर्णत्वास गेला. म्हणून आधी कोण, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

बौद्ध परंपराही विदर्भात नवागत नव्हती. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात वाकाटकांच्या कितीतरी आधीचे स्तूप उघडकीस आले. तेथील लेख प्राकृतात आहेत. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. घटोत्कच येथील लेखावरून त्याच्या कुळाचे वल्लूरच्या ब्राह्मणांशी असलेले नाते कळते. दात्याचे कुळ आणि दानाचे पात्र यांच्यामध्ये आज कल्पिली जाते तशी भिंत त्या काळी दिसत नाही.

याचा अर्थ विरोध नव्हता असा मात्र नव्हे. शाश्वत वैर असणाऱ्यांच्या समासाचे उदाहरण म्हणून पतंजली महाभाष्यात ‘श्रमणब्राह्मणम्’ हा शब्द देतो. यज्ञातील हिंसा, वेदांचे प्रामाण्य आणि जन्मसिद्ध श्रेष्ठत्व हे वादाचे विषय होते, आणि या वादात बौद्धांप्रमाणे जैन व आजीवकही होते. अशोकाने बाराव्या शिलालेखात सर्व ‘पासंडां’चा आदर करण्यास सांगितले, तेथे या शब्दाचा अर्थ केवळ ‘संप्रदाय’ असा आहे. पुढे त्याचेच ‘पाखंड’ झाले आणि ते निंदावाचक ठरले. अर्थाच्या या ऱ्हासात संप्रदायांतील कलहाचा इतिहास साठलेला आहे.

‘हिंदू’ हा शब्द तर मुळी धर्मवाचकच नव्हता. ‘सिंधु’मधील सकाराचा इराणी भाषेत हकार झाला, आणि दारयवहुच्या लेखांत तो प्रदेशाचे नाव म्हणून आला. लोकांचे व नंतर धर्माचे नाव होण्यास त्याला अनेक शतके लागली. सोळाव्या शतकात एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तो मराठीत धार्मिक भेद दर्शवितो.

तेव्हा मायलेकींचे नाते कल्पून या दोन परंपरांचा उगम सांगता येत नाही. एकाच समाजात, परस्परांशी वाद घालीत आणि परस्परांकडून घेत त्या घडल्या. हा निष्कर्ष त्यांच्यातील भेद पुसून टाकण्यास उपयोगी पडणारा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेव्हा जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा तो प्राचीन वादच पुन्हा उभा राहिला. उगम समाईक असला म्हणून त्या वादाचा निकाल लागत नाही. तो कशाविषयी होता, एवढे मात्र त्यामुळे स्पष्ट होते.